खारूची झोप

मंगळवार, दुपार

अरे शहाण्या,

माझा फोन तू उचलत नाहीस, मेसेज बघून सोडून देतोस, म्हणून हे तुझ्या जहाजाच्या कंपनीच्या ई-मेलवर पाठवतेय. त्यांनी ते जहाजावर तुझ्यापर्यंत पोचवायचं. मध्ये कुणी उघडून वाचलं तर वाचू दे. आपल्या घरात आता लपवण्यासारखं राहिलंय काय?

खारू आजारी आहे. माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच वॉर्डात, खिडकीकडून दुसऱ्या पलंगावर. छातीत कफ झाला, ताप उतरेना, रविवारी दम लागायला लागला तेव्हा तुझ्या बायकोने तिला उचलून आणलं. डॉक्टर चांगल्या आहेत. काळजी करण्यासारखं काही नाही. तू फक्त एक फोन कर.

तुझी बायको लेकीला घेऊन माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तू काय काय बोललास ते सगळं माझ्या लक्षात आहे. मी तिची बाजू घेतली, तुला आता बहीण नाही, माझ्या घरात पाऊल ठेवणार नाहीस. ठीक आहे, नको ठेवूस. हॉस्पिटल माझं घर नाही. तिथे फोन केल्याने तुझी शपथ मोडत नाही.

ताई


बुधवार, ड्यूटी सुटल्यावर

काल मी तुला अर्धंच सांगितलं. काळजी करण्यासारखं नाही, हे वाक्य खोडून टाक. खारूच्या घशात नळी आहे आणि श्वास यंत्रावर चाललाय. रविवारीच घातली. मुद्दामच लिहिलं नाही. म्हटलं, साध्या तापाला याने फोन केला तर तो लेकीसाठी असेल, आणि एवढं सगळं ऐकून केला तर घाबरून केला असेल. बघ, पोर तिकडे पलंगावर आणि मी असली पारख करत बसले. माझंही डोकं ठिकाणावर नाही.

तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आज सांगते मी काय काम करते ते. घशातली नळी कुणालाच सहन होत नाही, म्हणून या मुलांना पंपातून थेंबाथेंबाने गुंगीचं औषध चालू ठेवतात. कमी पडलं तर पोर तडफडतं आणि नळी ओढून काढतं. जास्त झालं तर स्वतः श्वास घ्यायचंच विसरतं, आणि मग यंत्र सुटता सुटत नाही. माझी सगळी नोकरी या दोन टोकांच्या मध्ये गेली. लोक विचारतात, सिस्टर, तुम्ही नक्की करता काय? मी म्हणते, लोकांची पोरं किती झोपलीत ते बघते. हसतात मग.

बघायची एक रीत आहे. दोन नर्सनी पलंगाच्या दोन बाजूंना उभं राहायचं. आधी नुसतं पाहायचं, हात लावायचा नाही की बोलायचं नाही. श्वास, कपाळ, पापण्या, हाताची बोटं. मग नावाने हाक. मग खांद्यावर हात. मग नळीतला कफ ओढताना पोर काय करतं ते. शेवटी दोघींनी एकमेकींकडे पाठ करायची आणि बोटांनी आकडा दाखवायचा, अंगठा खाली केला तर उणे. पायथ्याशी उभी असलेली तिसरी तो वाचते. शून्य म्हणजे जागं आणि शांत. उणे तीन म्हणजे काही केलं तरी हूं नाही की चूं नाही. अधिक दोन म्हणजे धरायला चौघी लागतात. पाठ करायची पद्धत मीच सुरू केली, कारण नव्या पोरी माझ्या तोंडाकडे बघून आकडा सांगायच्या.

खारूला आकडा द्यायला मला बंदी आहे. आपल्या नात्यातलं मूल असलं की डोळ्याला हवं तेच दिसतं. नियम बरोबर आहे, मीच दुसऱ्यांना तो ऐकवत आलेय. तेव्हा मी शेजारच्या पलंगावरचं बाळ सांभाळते आणि कान इकडे लावून ठेवते.

आज दोघींनीही तिला उणे दोन दिले. म्हणजे हाकेला उत्तर नाही, हात लावला तरी नाही, कफ ओढताना तेवढी खोकते. जरा खोलच गेलीय, म्हणून औषध कमी केलंय. आता उठेल.

तुला हे जाणून घ्यायचंय की नाही कोण जाणे. मी लिहितेय.

ताई


गुरुवार, संध्याकाळ

उठली नाही.

औषध आणखी उतरवलं. छाती सुधारतेय, ताप गेलाय, यंत्र आता मदतीपुरतंच आहे. श्वास तिने सुरू करायचा, यंत्राने पुढे ढकलायचा, आणि तेवढं ती करतेय. पण डोळे मिटलेले आणि अंग नुसतं ठेवून दिल्यासारखं. सकाळी उणे दोन, दुपारी उणे दोन. दुपारी बोटं दाखवणाऱ्यांत एक नवी सिस्टर होती, बिचारी मला चुकवून निघून गेली. मी काय तिला खाणार होते?

आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे या वॉर्डाच्या मुख्य डॉक्टर, माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्या उगाच कुणाजवळ उभ्या राहत नाहीत. म्हणाल्या, "एवढ्या औषधावर ती जागी व्हायला हवी होती, सिस्टर." मी म्हटलं, हो. म्हणाल्या, "रविवारी आणलं तेव्हा ऑक्सिजन बराच खाली गेला होता." मी म्हटलं, हो. "उद्या मेंदूचा स्कॅन करून घेऊ." मी पुन्हा हो म्हटलं. हीच वाक्यं मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आयांना समजावून सांगत आलेय. ती ऐकताना पायाखालची फरशी अशी मऊ होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

स्कॅनचं मशीन दुसऱ्या इमारतीत आहे. यंत्र काढून हाताने फुगा दाबत न्यायचं, लिफ्ट, लांबलचक कॉरिडॉर, परत लिफ्ट. अशा फेरीत नळी सरकते, पोर काळंनिळं पडतं. होतं असं. दर वेळी नाही, पण होतं.

तुझी बायको पलंगाजवळच्या खुर्चीतून हलत नाही. घरी जाऊन अंघोळ करून ये म्हटलं तर म्हणते, "ताई, तुम्ही आधी जा." मग दोघीही गेलो नाही. चहाच्या मशीनमधला तो कोमट चहा दोघींनी एका कपात प्यायला. तुझं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही.

माझे पाय सुजलेत, कंबर बोलतेय आणि डोकं तर कधीच गेलंय. मला भीती वाटते रे. तू मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस. बस.

ताई


शुक्रवार, दुपार

हे नीट बसून वाच. आणि आधीच सांगते, जिवंत आहे ती, घाबरू नकोस.

आमच्याकडे एक्सरेचे काका आहेत. निवृत्तीला आलेले, चाकांवरचं मशीन ढकलत सकाळी प्रत्येक पलंगाशी जातात आणि प्रत्येकाला एकच मंत्र म्हणतात, "श्वास घे बाळा, मोठ्ठा. आता धर. हलू नको." पोर पूर्ण बेशुद्ध असलं तरी म्हणतात. आम्ही त्यांची चेष्टा करतो, काका, पोराला सांगताय की यंत्राला? ते म्हणतात, "जिभेला वळण पडलंय, आता काय करू?"

आज स्कॅनला न्यायच्या आधी छातीचा एक फोटो हवा होता. काकांनी खारूच्या पाठीखाली पाटी सरकवली, मंत्र म्हटला, बटण दाबलं, आणि पाटी काढायला वाकले. तेवढ्यात यंत्र बोंबलायला लागलं. श्वास नाही.

सगळ्या धावल्या. मॅडम धावल्या. माझ्या हातात शेजारच्या बाळाची दुधाची नळी होती, ती सोडता येईना, मी तिथूनच बघत होते. खारूची छाती फुगून तशीच राहिलेली. मॅडमनी यंत्राची नळी सोडवून फुगा लावायला हात घातला आणि काका एकदम ओरडले, "अगं सोड! सोड बाई, सोड श्वास!"

आणि तिने सोडला.

रविवारी नळी घालण्याआधीचा फोटो त्यांनीच काढला होता. तेव्हा तिला बजावलं होतं, मी सोड म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. बेशुद्ध पोरांना 'सोड' म्हणायची वेळच येत नाही, म्हणून आज ते नुसते पुढे निघाले होते. काका मटकन तिथेच स्टुलावर बसले.

मॅडम कमरेवर हात ठेवून खारूकडे बघत राहिल्या, मग त्या दोन सिस्टरांकडे, मग माझ्याकडे. उणे दोन म्हणे! झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. आणि आम्ही, ज्यांचा हाच धंदा आहे, तीन दिवस बोटं दाखवत उभ्या होतो. मला हसू यायला लागलं आणि थांबेचना. नव्या सिस्टरने माझ्या हातातून दुधाची नळी काढून घेतली.

मॅडम म्हणाल्या, "अर्धं औषध आहे आणि अर्धी जिद्द." मग कानाशी वाकून म्हणाल्या, "तू जागी आहेस ना? माझं बोट दाब बरं." नाही दाबलं. पापण्या मात्र घट्ट झाल्या, आणि चादरीचं टोक मुठीत गेलं. गुंगीतल्या पोराची मूठ अशी नसते. मला बंदी नसती तर मला तरी ते दिसलं असतं का? माहीत नाही. बहुतेक नसतं, कारण मीही भीतीच बघत होते.

मग तुझी बायको खुर्चीत बसल्या बसल्या रडायला लागली. म्हणाली, "ताई, मीच सांगितलंय तिला."

रविवारी नळी घालायच्या आधी खारू घाबरून हातपाय झाडत होती. सुईतून औषध चढायला लागलं होतं. तेव्हा हिने तिच्या कानात सांगितलं, "अगदी शांत झोपायचं. हलायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. बाबा येतील, बाबा आले की मगच डोळे उघडायचे." पोरीने मान हलवली आणि झोपली. हिला वाटलं, औषधाने झोपली, काय ऐकलं असेल तिने.

जी बाई वर्षभर तुझं नाव घ्यायला तयार नव्हती, तिने कानात सांगितलं ते तुझंच.

ती लेकीच्या कानाशी गेली, "उघड राणी, आई सांगतेय ना, उघड आता." नाही. सगळ्यांनी सांगितलं, नाही. खाण तशी माती. सुंभ जळला तरी पीळ जळायचा नाही, हे तुझ्या रक्तातून आलंय, आमच्या औषधाने थोडंच जाणार? शेवटी तुझी बायको डोळे पुसून म्हणायला निघाली, "बाबा आ..." मी तिचा दंड धरला. पोरीने डोळे उघडले असते आणि समोर तू नसतास, तर तिने पुढे कुणाचं काय ऐकलं असतं?

स्कॅन रद्द झाला. पण नळी काढायची तर पोर जागं हवं. डोळे उघडायला हवेत, सांगितलं तसं जोराने खोकता यायला हवं. नळी जितकी जास्त राहील तितका नव्या संसर्गाचा धोका. तेव्हा घोडं आता तुझ्यापाशी अडलंय. कुठे आहेस? कधी येऊ शकतोस? खरं काय ते लिही, बाकी काही नको.

ताई


शनिवार, दुपार

तुझं उत्तर आलं. एवढ्या पत्रांना चार शब्द. "तिला सांग, निघालोय मी."

मी तुझ्या कंपनीच्या ऑफिसात फोन केला. तिथली मुलगी भली आहे, तिने बघून सांगितलं की जहाज भर समुद्रात आहे आणि बंदराला लागायला अजून बरेच दिवस आहेत. मग निघालास कशाने? पोहत?

रागाने लिहितेय, कळतंय मला. तुलाही घाबरायला झालं असेल, हाताशी जे वाक्य आलं ते तू पाठवलंस. तुझ्या बायकोने जे केलं तेच तू केलंस. दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि खोटं बोलताना मात्र कशी जोडी जमते तुमची!

मी तुझा निरोप तिला दिला नाही. मॅडमना विचारलं, मी बोलू का तिच्याशी, नर्स म्हणून नाही, आत्या म्हणून. त्या म्हणाल्या, बोला. तुझ्या बायकोलाही विचारलं. ती लेकीची चादर सारखी करत म्हणाली, "माझ्याने नाही होणार, तुम्हीच सांगा."

मी पलंगावर वाकले आणि म्हटलं, "खारू, मी आत्या. बाबा आलेला नाही. बाबा समुद्रावर आहे आणि त्याला इतक्यात येता येणार नाही. कधी येईल ते मला माहीत नाही. आईने सांगितलं ते तुला बरं वाटावं म्हणून. तू जे करायचं होतं ते अगदी छान केलंस, एवढे दिवस. आता पुरे. आता कुणासाठी थांबू नकोस."

काहीच झालं नाही. मला वाटलं, चुकलं आपलं.

मग डोळे उघडले तिने. आधी मला बघितलं. मग माझ्यामागे बघितलं, दाराकडे. मान हलवता येत नव्हती तरी नजर पार दारापर्यंत नेली. तिथे कुणी नव्हतं. आणि मग ती रडायला लागली. घशात नळी असली की आवाज निघत नाही, तुला माहीत नसेल. तोंड वाकडं होतं, पाणी कानात जातं आणि आवाज काहीच नाही. यंत्र तेवढं वाजत राहतं.

नवी सिस्टर धावत आली. चेहरा ताणलेला, ठोके वाढलेले, हात उचललेला, सगळं आमच्या रीतीप्रमाणे बरोबर बघितलं तिने. "अधिक एक, अधिक दोनकडे चाललीय," म्हणाली, "जास्तीचा डोस देऊ का?" आणि हात पंपाकडे गेलासुद्धा. मॅडम म्हणाल्या, "थांब. रडतेय ती. रडू दे."

मी इतक्या वर्षांत किती पोरांचं रडणं औषधाने बंद केलं असेल, असं माझ्या मनात आलं. ते जाऊ दे. तिची आई एका बाजूला, मी एका बाजूला, हात धरून बसलो. नळीला हात लावला नाही रे तिने. एकदाही नाही. नुसती रडली. मग दमली, आणि आईकडे बघत राहिली. जागी, शांत. मॅडमनी स्वतः आकडा दिला, शून्य.

तुझ्या लेकीला तुझ्यावाचून डोळे उघडायला मी शिकवलं. याचा तुला राग आला तर येऊ दे.

ताई


सोमवार, सकाळ

काल नळी काढली. खोक म्हटल्यावर अशी खोकली की मॅडमच्या कोटावर सगळं उडालं. मॅडम म्हणाल्या, "वा, मिळाले गुण!" आवाज बसलाय, बेडकासारखा येतोय. पहिला शब्द "पाणी." दुसरा "हे काका खोटारडे आहेत, सोड म्हणालेच नाहीत." एक्सरेचे काका भेटायला आले होते, म्हणाले, बाळा, माझंच चुकलं. त्यांनी कान धरले, तेव्हा कुठे बाईसाहेबांनी माफ केलं.

तुझ्या बायकोने काल घरी जाऊन अंघोळ केली आणि चक्क झोपली. मी आज सुट्टी घेतलीय आणि तरी इथेच बसलेय, यालाच म्हणतात खोड.

तुझं दुसरं पत्र मिळालं. लांब लिहिलंस, बरं केलंस. कप्तानाशी बोललास, पुढच्या बंदरात उतरायची परवानगी मिळाली, तिथून विमानाने येतोस, असं म्हणतोस. या वेळी मी ऑफिसात फोन केला नाही. तुझ्या बायकोला पत्र छापून वाचायला दिलं. तिने वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "येऊ दे." तू लिहिलंस तसं मी तिच्याकडून काही कबूल करून घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. तुमचं तुम्ही बघा.

खारूला सांगू की नको, यावर आम्ही दोघींनी खूप डोकं फोडलं. शेवटी सांगितलं, पण तोलून. बाबा यायला निघणार आहे म्हणतो, आला की आला. ती भिंतीकडे तोंड करून पडली. मला वाटलं, पुन्हा रडतेय. वाकून बघितलं तर विचार करत होती, कपाळाला तुझ्यासारखी आठी.

मग त्या बेडकाच्या आवाजात म्हणाली, "आत्या, बाबा आला ना, की मला उठवायचं नाही हं."

मी म्हटलं, "का गं?"

म्हणाली, "मी झोपलेली असेन. खोटी खोटी. त्याला सांगायचं नाही. मला बघायचंय, तो किती वेळ बसतो."

हे मी तुला सांगायला नको होतं, तिला शब्द दिलाय. पण तू माझा भाऊ आहेस, आणि पाच मिनिटं थांबून, झोपलीय वाटतं, म्हणत बाहेर सिगरेट ओढायला जाणारा तू, मी तुला ओळखते. तेव्हा येशील तो बसायच्या तयारीने ये. ती मोजणार आहे.

ताई